नाव न घेता केलेली विनंती

आमच्या मराठी मंडळीची उपासना शुक्रवारी असते. कुवेतला सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे आमचा रविवार दोन दिवस आधीच उरकतो. चर्चच्या आवारात खोली तासाप्रमाणे मिळते. आमच्या आधी तेलुगू मंडळी आणि आमच्यानंतर फिलिपिनो. तेलुगू लोक उशिरा आटोपतात आणि फिलिपिनो वेळेआधी येऊन दारात गिटार लावत उभे राहतात. मधल्या दीड तासातला सव्वा तास आमच्या वाट्याला येतो, आणि त्यातली शेवटची पंधरा मिनिटं विनंत्यांची असतात.

विनंत्या म्हणजे प्रार्थनेच्या विनंत्या. खुर्च्या गोल करायच्या आणि एकेकाने आपलं मागणं सांगायचं. कुणाच्या भावाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची दहावी, कुणाचा व्हिसा अडकलेला. एक काकू ते सगळं वहीत लिहून घेतात. त्यांचे यजमान तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, घरी माणसांचा राबता आहे, आणि मनाने त्या फार चांगल्या आहेत, हे आधीच सांगून ठेवते. संध्याकाळी ती यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते आणि आठवडाभर सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची, असा आमचा नेम आहे. या गोलात ‘माझं काही नाही’ म्हणायची सोय नाही. एकदा एका नव्या इंजिनिअरने तसं म्हटलं, तर चहाच्या वेळी तिघांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं बरं आहे ना. पुढच्या शुक्रवारपासून तोही कंबरदुखी सांगू लागला.

मी नर्स. फरवानियातल्या एका दवाखान्यात ड्रेसिंग रूमला आहे, अकरा वर्षं झाली. माझ्याकडे येतात ते बहुतेक साखरेच्या रोगाचे पाय. चिघळलेली टाच, काळं पडलेलं बोट, महिनोन् महिने न भरणारा तळपाय. पाय धुवायचा, जखम साफ करायची, मलमपट्टी करायची, की पुढचा पाय. मी असं काम करते हे कळलं की पाहुणे पाळक, म्हणजे पास्टर, हमखास म्हणतात, सिस्टर, तुम्ही तर रोजच प्रभू येशूच्या पावलावर पाऊल ठेवून चालता, त्यानेही पाय धुतले. मी हसून मान हलवते. मनात मात्र येतं की त्याने धुतले ते एका संध्याकाळी आणि बारा जणांचे. मी दुपारपर्यंत तेवढे करते, आणि त्या बारांपैकी कुणी ‘सिस्टर, जरा लवकर आवरा’ म्हटल्याचं कुठे वाचलेलं नाही. हे मोठ्याने बोलले तर मंडळीत चालणार नाही, म्हणून बोलत नाही. मी मूळची तापट आहे. लोकांना मी शांत वाटते कारण संध्याकाळपर्यंत चिडायचीही ताकद उरत नाही.

माझी एक मैत्रीण फिंतासला राहते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, माझ्यासारखीच जालन्याकडची. तिथल्या एका नर्सरीत ती मदतनीस आहे. पोरांना भरवणं, धुणं, झोपवणं. नवरा नऊ वर्षांपूर्वी वारला. एकच मुलगी, ती जालन्यात मामाकडे वाढली, बी.एड. झाली. या मुलीची सोयरीक नगरच्या एका घराशी जमत आली होती. मुलगा शिक्षक, घर तिथल्या मंडळीतलं, शिवाय मुलगा पेटी वाजवतो. आमच्यात पेटी वाजवणाऱ्या मुलाचा भाव जरा चढाच असतो. साखरपुडा मे महिन्यात करायचा ठरत होता. मैत्रीण एरवी कशाचं फार बोलत नाही, पण त्या दिवसांत ती फोटो दाखवायला दोन बस बदलून यायची.

मार्चमधल्या एका बुधवारी ती दुपारची आली. मला सुट्टी होती. फोटो निघाले नाहीत. तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “ताई, जरा हात लावून बघता का?”

मी हात धुतले आणि बघितलं. डाव्या बाजूला, काखेकडे गाठ होती. बोटाखाली सरकत नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत हाताला काही गोष्टी आपोआप कळतात, त्या मला कळल्या, आणि मी चेहरा शक्य तेवढा सपाट ठेवून म्हटलं, “उद्याच्या उद्या सोनोग्राफी करून घे.”

तिने केली. तिथल्या डॉक्टरांनी सोमवारी बायोप्सीला बोलावलं. तिने फोन करून मला ते सांगितलं आणि पुढे म्हणाली, “तुम्हाला म्हणून सांगायलेय ताई. साखरपुडा होईस्तोवर कुणाला कळू देऊ नका. आईला असलं काही निघालं की लोक पोरीकडं पण तसंच बघतात.”

“प्रभूसमोर सांगते,” मी म्हणाले, “माझ्या तोंडून जाणार नाही.”

एवढं मोठं बोलायची काही गरज नव्हती. तिने शपथ मागितली नव्हती. पण आम्हा लोकांना प्रभूचं नाव बोलण्याच्या ओघात घ्यायची सवय लागलेली असते, आणि मीही त्यातलीच.

तो शुक्रवार मला अजून नीट आठवतो. आदल्या दिवशी माझ्याबरोबरची नर्स रजेवर गेली होती आणि मी दोघींचं काम केलं होतं. पाठ धरली होती. उपासनेत शास्त्रपाठ चालू असताना माझे डोळे दोनदा मिटले. मैत्रीण आली नव्हती, तिला कणकण होती. खुर्च्या गोल झाल्या आणि विनंत्या सुरू झाल्या. माझ्या डावीकडून क्रम येत होता आणि मी विचार करत होते, आपण काय सांगायचं.

खरं सांगण्यासारखं एकच होतं. सहा-सात महिने मला प्रार्थना करता येत नव्हती. पहाटे उठून बसायचे, ओठ हलायचे, पण मागे कुणी नसल्यासारखं वाटायचं. राग नव्हता, शंका नव्हती, नुसता थकवा होता. पण मी मंडळीतली जुनी बाई. गीतं मी सुरू करून देते, मुलांना वचनं मी पाठ करून घेते. मीच म्हणायचं की मला प्रार्थना होत नाही? लाज वाटली. आणि पाळी तर आली.

“एका भगिनीसाठी प्रार्थना करा,” मी म्हणाले. “नाव सांगत नाही. इथे एकटीच असते, मुलीचं लग्न जमत आलंय, आणि आता छातीत गाठ निघाली आहे. सोमवारी बायोप्सी आहे.”

सगळा गोल हळहळला. कुणीतरी ‘प्रभू दया करो’ म्हटलं. काकूंनी चष्मा वर करून लिहून घेतलं. आणि मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवशीच्या सगळ्या विनंत्यांत माझी विनंती वजनदार होती. घरी जाताना बसमध्ये मला एकदाही खटकलं नाही. नाव कुठे घेतलं होतं मी?

आमची मंडळी म्हणजे पस्तीसेक घरं. त्यात एकटी राहणारी, लग्नाची मुलगी असलेली आणि त्या शुक्रवारी गैरहजर असलेली बाई एकच होती. हे एखाद्या लहान मुलालाही कळलं असतं. संध्याकाळी यादी ग्रुपवर आली आणि माझी विनंती सातव्या क्रमांकावर होती, जशी सांगितली तशीच. काकू शब्द बदलत नाहीत.

त्या ग्रुपमध्ये एक मावशी आहेत. त्या इथली नोकरी संपवून चार वर्षांपूर्वी नगरला परत गेल्या. पण ग्रुपमधून कुणाला काढणं आमच्यात बरं दिसत नाही, त्यामुळे कुवेत सोडून गेलेली निम्मी माणसं अजून त्यात आहेत आणि रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतात. या मावशी म्हणजे त्या पेटी वाजवणाऱ्या मुलाच्या आईची चुलत बहीण. सोयरीक सुचवली होती तीही त्यांनीच. मला हे माहीत होतं. गोलात बसून बोलताना आठवलं नाही, एवढंच.

शनिवारी मावशींनी मैत्रिणीला फोन करून धीर दिला आणि खूप वेळ प्रार्थना केली. बुधवारी मुलाकडून मामाला निरोप आला. त्यांनी घरी उपवास धरून प्रार्थना केली होती, आणि या स्थळाविषयी त्यांच्या मनाला शांती मिळत नव्हती. प्रभूची इच्छा वेगळी दिसते, मुलीला आमचे आशीर्वाद.

आमच्या लोकांत नाही म्हणायची ही पद्धत आहे. कुणी हुंड्याचं बोलत नाही, रंगाचं बोलत नाही, आजाराचं तर नाहीच नाही. शांती मिळत नाही म्हणतात, आणि त्यावर कुणाला भांडता येत नाही. मी स्वतः माझ्या पुतण्याच्या वेळी एका घराला असंच कळवलं होतं. खरं कारण मुलीची उंची होती.

गुरुवारी दुपारी मैत्रिणीचा फोन आला. मी दवाखान्यातच होते, हातमोजे काढून बाहेर आले. सोयरीक मोडल्याचं तिने सांगितलं. आवाज अगदी सरळ होता.

“कुणीतरी बोललंय, ताई,” ती म्हणाली. “सोनोग्राफीला होती ती पोरगी मराठी वाटत होती, तीच असंल का हो? तुम्हाला काय वाटतं?”

खरं बोलायची ती जागा माझ्यासाठी होती. मी म्हणाले, “असेल बाई. आजकाल कुणाचा भरवसा नाही.”

फोन ठेवला आणि आत जाऊन मी पुढच्या पेशंटचा पाय हातात घेतला. एका अनोळखी पोरीवर मी सहज आळ जाऊ दिला होता, जिने बिचारीने मान खाली घालून आपलं काम केलं असेल. पेत्राने प्रभूला ओळखत नाही म्हटलं, तेव्हा निदान कोंबडा तरी आरवला. फरवानियात कोंबडे फक्त दुकानात, तेही सोललेले. मला काहीच ऐकू आलं नाही. नेहमीसारखी ड्यूटी संपवून मी घरी आले आणि डाळ शिजायला लावली.

त्यानंतर ती दोन शुक्रवार आली नाही. काकू मला विचारायच्या, कशी आहे हो ती, आणि मी म्हणायचे, बोलणं झालं नाही. हे मात्र खरं होतं. मी फोनच करत नव्हते. रोज ठरवायचे, उद्या करू. दुसऱ्या दिवशी दमलेली असायचे. थकव्याचा एक फायदा असतो, तो कुठल्याही गोष्टीला कारण म्हणून चालतो. आणि मी खरंच थकलेली होते, त्यामुळे ते कारण खोटंही नव्हतं.

एके दिवशी माझ्याकडे एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्या टाचेची जखम पाच महिन्यांनी भरली होती. मी शेवटची पट्टी सोडली आणि त्यांच्या मुलाला आत बोलवून दाखवू लागले. म्हाताऱ्यांनी पाय मागे घेतला आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, “सिस्टर, मैं बोलेगा. घर जाके मैं बोलेगा.”

बरोबर होतं त्यांचं. जखम त्यांची आणि बातमीही त्यांची.

तेव्हा मला येशूची एक गोष्ट आठवली, जी लहानपणापासून हजार वेळा ऐकली आणि कधी मनाला लागली नाही. तो माणसाला बरं करायचा आणि बजावायचा, हे कुणाला सांगू नकोस. कोड गेलेल्या माणसाला तो असंच म्हणाला, आणि मेलेली मुलगी उठवल्यावर तिच्या आईबापांनाही. मुलांना ही गोष्ट शिकवताना मी सांगायचे की बघा, आपला प्रभू किती नम्र, त्याला मोठेपणा नको होता. आता त्या म्हाताऱ्यांचा पाय टॉवेलने पुसताना मला वाटलं, नुसता नम्रपणा नसेल तो. गावात दुसऱ्याच्या दुखण्याचं काय होतं ते त्याला चांगलं माहीत होतं. ज्याचं दुखणं त्याच्याकडेच राहू द्यावं, असं त्याला वाटलं असेल. त्याच्या मागे चालायचं म्हणजे सेवा करायची, सोसायचं, पाय धुवायचे, असं मी धरून चालले होते. गप्प बसणं त्यात येतं, हे पन्नाशी उलटून गेली तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला स्वतःची भयंकर चीड आली. चिडायला ताकद नसते म्हणते ना, त्या दिवशी कुठून तरी आली.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते एका कंपनीच्या स्टोअरला आहेत, दिवसभर खोकी मोजतात, घरी आल्यावर मोजकंच बोलतात. माझं रडून झाल्यावर म्हणाले, “हितं मला सांगून काय उपयोग व्हायलाय? तिला जाऊन सांग.”

“आणि काय सांगू?”

“केलंस ते. दुसरं काय असतंय?”

शनिवारी दुपारी मी फिंतासची बस धरली. बाहेर इतकं ऊन होतं की थांब्यावरच्या बाकाला हात लावायची सोय नव्हती. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्याची सुरुवात, मला तर फक्त प्रार्थनाच हवी होती, अशी होत होती आणि मी ते खोडत होते.

मैत्रीण दोन केरळी बायकांबरोबर एका खोलीत राहते. त्या झोपल्या होत्या म्हणून आम्ही बाहेर पडलो. समुद्राकडेला एका बंद दुकानाच्या सावलीत पायरीवर बसलो. ती वाळली होती. बायोप्सी होऊन गेली होती हे मला ठाऊक होतं, पण ते विचारायचा हक्क मी गमावला होता.

“ग्रुपवर ते आलं ना,” मी म्हणाले, “ते मी सांगितलं. शुक्रवारी गोलात मीच बोलले.”

ती समुद्राकडे बघत होती. “माहितीये मला.”

“कधीपासून?”

“यादी आली त्याच दिवसापासून. मी दोघांनाच सांगितलं होतं, ताई. तुम्हाला आन् देवाला.”

मला वर बघवेना. मी विचारलं, “मग त्या सोनोग्राफीच्या पोरीचं का विचारलंस मला?”

“तुम्हाला बोलायला जागा करून दिली. तुम्ही बोलल्या नाहीत.”

मी म्हणाले की माझं चुकलं. मी म्हणाले की मला स्वतःचं सांगायची लाज वाटली म्हणून मी तुझं उचलून पुढे केलं. पोरीचं कसं आहे ते विचारलं. ती म्हणाली, पोरगी रडली नाही, फक्त सुट्टीत इकडे येते म्हणत होती ते म्हणायचं थांबली. हे ऐकून मला रडू आलं. तिने मला समजावलं नाही, हातही धरला नाही, आणि ते योग्यच होतं.

मग मी माझ्या मनात ठरवून आणलेलं सांगितलं. “येत्या शुक्रवारी मी उभी राहते. सगळ्यांसमोर कबूल करते, विश्वास मोडला म्हणून.”

“नका,” ती एकदम म्हणाली. त्या दुपारी तिचा आवाज पहिल्यांदा चढला. “तुम्ही उभ्या राहणार, रडणार, काकू रडणार, पास्टर डोक्यावर हात ठेवणार. सगळ्यांना आशीर्वाद मिळणार. तुम्ही मोकळ्या होणार, आन् माझी गाठ परत वहीत जाणार.”

आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. पडलो, चुकलो, प्रभूने उचललं, असं मंडळीसमोर सांगितलं की माणूस हलका होतो आणि ऐकणारेही हलके होतात. मी आयुष्यभर अशा साक्षी ऐकून डोळे पुसले. त्या साक्षीत दुसऱ्या कुणाचं तरी घर उघडं पडत असतं, हे त्या पायरीवर बसेपर्यंत मला दिसलं नव्हतं.

“मग मी काय करू?”

“गप बसा. कुणी विचारलं तरी.”

“मला माफ केलंस का?”

तिने पायरीवरची वाळू हाताने झाडली. मग म्हणाली, “सकाळी उठले की करते. दुपारपर्यंत टिकत नाही ते. उद्या परत करते. तुम्ही रोज रोज विचारू नका.”

निघताना तिने मला थांबवलं आणि बायोप्सीचं काय निघालं ते सांगितलं. मी ऐकलं, मान हलवली आणि बसला गेले. नवऱ्याने विचारलं, काय म्हणाली, तर मी म्हणाले, भेटली. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्या माणसाची ही किंमत मला फार उशिरा कळली.

शुक्रवारी गोल बसला. मैत्रीण त्याही दिवशी आली नव्हती. काकूंनी वहीची पानं मागे उलटून सातवी विनंती काढली आणि माझ्याकडे बघितलं. “हिचं काय झालं हो? तुम्ही तिच्या जवळच्या. रिपोर्ट आला का?”

“ते तिचं ती सांगेल, तिला वाटलं तर,” मी म्हणाले.

“अहो, पण काय झालं ते कळल्याशिवाय आम्ही प्रार्थना तरी कशी करायची?”

मला सरळ उभं राहून सगळं बोलावंसं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. बोलले असते तर सुटले असते, आणि काकूंनी मला जवळही घेतलं असतं. मी खुर्चीची कड धरून बसून राहिले. शेजारच्या बाईंनी दुसऱ्या बाईंच्या कानात काहीतरी म्हटलं, त्यातलं ‘किती कोरड्या झाल्यात’ एवढं मला ऐकू आलं. काकूंनी विचारलं, “बरं, मग तुमची स्वतःची विनंती?”

“मला प्रार्थना करता येत नाही,” मी म्हणाले. “बरेच महिने झाले. थकले आहे मी.”

दारातल्या फिलिपिनो मुलांची गिटार तेवढी चालू होती. काकूंनी पेन दोन वेळा टेकवून उचललं आणि शेवटी लिहिलं. संध्याकाळी यादीत मी नवव्या क्रमांकावर होते: सिस्टरच्या पाठदुखीसाठी. मी खूप दिवसांनी हसले.

मला अजूनही सकाळी पूर्वीसारखी प्रार्थना होत नाही. बसते आणि तिचं नाव घेते, तेवढंच. पुढे शब्द जोडत नाही. तेवढ्यानेही त्याला समजत असावं, असं मी धरून चालते. धरून चालण्याखेरीज आता माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही, आणि ते बोलायला पूर्वीइतकी भीती वाटत नाही.

हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, तुमचं चुकलं ते लिहा, माझं राहू द्या. म्हणून रिपोर्टात काय निघालं ते इथे नाही.

फिंतासच्या त्या भेटीनंतर महिनाभराने तिने मला आपण होऊन फोन केला होता. सोमवारी मोठ्या हॉस्पिटलात जायचं होतं. “यायचं तर या,” म्हणाली, “पण तिथल्या नर्सबाईंशी माझ्याविषयी काही बोलू नका.” मी रजा टाकली. दवाखान्यात कारण विचारलं, तर घरचं काम सांगितलं.

बाकांवर गर्दी होती. आम्ही दोघी शेजारी बसलो. तिचा नंबर आला तेव्हा आतल्या बाईंनी खूण केली की कपडे बदलायचे आहेत, सामान बाहेर ठेवा. तिने पर्स, ओढणी आणि जाडजूड फाईल माझ्या मांडीवर ठेवली आणि आत गेली.

फाईल बांधलेली नव्हती, नुसती मिटलेली. तीस वर्षं मी फाईली वाचत आले. हातात फाईल आली की बोट आपोआप शेवटच्या पानाकडे जातं, तिथेच खरं काय ते लिहिलेलं असतं. आतल्या डॉक्टरांचं म्हणणं त्यात असणार, पुढे काय करणार ते असणार, जे तिने मला सांगितलं नव्हतं तेही असेल. मी दोन्ही तळहात फाईलवर पालथे ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले. चाळीस मिनिटं लागली. पाठ दुखायला लागली तरी मी हलले नाही.

ती बाहेर आली, ओढणी घेतली, पर्स घेतली. मग फाईल उचलून माझ्याकडे बघितलं.

“वाचली?”

“नाही.”

अजून एका खोलीत बोलावलं होतं तिला. “बरं,” ती म्हणाली, आणि फाईल परत माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.